रक्तदाबासाठी डार्क चॉकलेट: कोणतं, किती आणि खरंच उपयोग होतो का?

कडूगोड
"रोज दोन तुकडे डार्क चॉकलेट खा, बीपी खाली येतं, हृदय ठणठणीत राहतं" हा संदेश फिरत फिरत सगळ्यांकडे पोचलेला असेलच. खाली ना किती ग्रॅम, ना कोणतं, ना किती दिवस. दुकानात ५०, ७०, ८५, ९९ टक्के असं सगळं मांडलेलं असतं आणि किंमत टक्क्यांबरोबर चढत जाते. म्हणून जाणकारांना विचारतो आहे. टक्के वाढले की गुण वाढतात का? रक्तदाबावर नेमका किती फरक पडतो, आकड्यात? साधी कोको पावडर चालेल का? मधुमेह असलेल्यांनी काय करावं? आणि पाकिटावर काय बघून घ्यायचं? "थोडं खाल्लं तर चांगलंच" एवढ्यावर सोडू नका, कृपया नेमकं लिहा.

शेंगदाणाचिक्की
८५ टक्के घ्या. जेवढं कडू तेवढं गुणकारी.

भट्टीवाला
शेंगदाणाचिक्की, हाच समज सगळीकडे आहे आणि तो बरोबर नाही. पाकिटावरचे टक्के म्हणजे कोकोच्या बीपासून आलेला एकूण भाग, त्यात कोकोचा कोरडा भाग आणि कोको बटर दोन्ही धरलेले असतात. ज्या द्रव्यांसाठी एवढी चर्चा चालते ती फ्लॅव्हनॉल्स कोरड्या भागात असतात, बटरमध्ये नसतात. दोन कंपन्यांची ७० टक्केवाली चॉकलेटं घ्या. एकीत बटर वरून जास्त घातलेलं असेल, दुसरीत कमी. टक्के तेच, आतला माल वेगळा.

त्याहून मोठा फरक प्रक्रियेत पडतो. फळ फोडल्यावर बिया गरासकट ५ ते ७ दिवस लाकडी पेट्यांत आंबवतात. ढीग आतून ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. चॉकलेटचा वास यायला हे लागतंच, पण फ्लॅव्हनॉल्स इथेच भराभर उतरतात. मग उन्हात वाळवणं, मग १२० ते १४० अंशांना भाजणं, तिथे आणखी घट. शेवटचा आणि सगळ्यात जबर फटका अल्कलीचा. कोकोचा आंबटपणा मारायला आणि रंग गडद करायला पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार लावतात, त्याला डच प्रक्रिया म्हणतात. २००८ साली बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या तेव्हा क्षार न लावलेल्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स निघाली, हलका क्षार लावलेल्यात १३.८, मध्यममध्ये ७.८ आणि भरपूर लावलेल्यात ३.९. म्हणजे जवळजवळ नऊपट फरक, आणि सगळ्यात काळी दिसणारी पावडर सगळ्यात रिकामी.

कडूपणाही फसवा आहे. जास्त भाजलं तरी कडू लागतं.

स्टेथो
भट्टीवाल्यांशी पूर्ण सहमत. आता रक्तदाबाचं.

फ्लॅव्हनॉल्सपैकी एपिकॅटेचिन हे मुख्य. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने वाहिनी सैल होते. एपिकॅटेचिनमुळे हे नायट्रिक ऑक्साइड जास्त उपलब्ध राहतं. वाहिनी किती फुगते ते अल्ट्रासाउंडने मोजता येतं आणि कोको घेतल्यावर दोनेक तासांत फरक दिसतो. त्यामुळे यंत्रणा खरी आहे, कोणी मनाने रचलेली नाही.

पण आकडा ऐका. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र केल्या होत्या. रक्तदाबातली सरासरी घट वरच्या आणि खालच्या दोन्ही आकड्यांत १.८ मिमीच्या (पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाबाचं नेहमीचं माप) आत. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला, त्यांच्यात थोडी जास्त. ज्यांचा नॉर्मल, त्यांच्यात जवळपास काही नाही. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या आणि रोजचा फ्लॅव्हनॉल्सचा डोस सरासरी ६७० मिलिग्रॅम होता. मीठ कमी केलं, वजन चार-पाच किलो उतरवलं, रोज अर्धा तास चाललं, तर यातल्या प्रत्येक गोष्टीने याहून जास्त फरक पडतो.

कडूगोड
धन्यवाद, हेच हवं होतं. पण ६७० मिलिग्रॅम म्हणजे चॉकलेट किती? आणि त्या पनामाच्या बेटांवरच्या लोकांचं काय? त्यांच्यात म्हणे उच्च रक्तदाबच नसतो.

भट्टीवाला
नेहमीच्या वडीवर फ्लॅव्हनॉल्सचा आकडा छापलेलाच नसतो, त्यामुळे "इतके तुकडे" असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली एक दावा मान्य केला: रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्सने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते. हे २०० मिलिग्रॅम २.५ ग्रॅम पावडरीत किंवा १० ग्रॅम चॉकलेटमध्ये मिळतात, पण फ्लॅव्हनॉल्स मुद्दाम राखून बनवलेल्या मालात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, २०२३ च्या फेब्रुवारीत किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल्स असलेल्या कोको पावडरीपुरती असा दावा छापायची परवानगी दिली, तीही "पुरावा फारच मर्यादित" असं छापायच्या अटीवर. साध्या कोको पावडरीला आणि चॉकलेटच्या वड्यांना ती लागू नाही. संदेश पुढे ढकलणारे नेमकं हेच वाक्य गाळतात.

स्टेथो
पनामाचे लोक म्हणजे सान ब्लास बेटांवरचे कुना. हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी त्यांचा बराच अभ्यास केला. बेटावर राहणाऱ्यांचा रक्तदाब वयाबरोबर फारसा वाढत नाही, तेच लोक पनामा शहरात राहायला गेले की वाढतो. बेटावर ते दिवसाला अनेक कप कोको पितात हे खरं. पण शहरात गेल्यावर मासे, फळं, श्रम, ताण, झोप हे सगळंच बदलतं. म्हणून सगळं श्रेय कोकोच्या पदरात टाकता येत नाही. त्यातून प्रश्न निर्माण झाला आणि पुढे चाचण्या झाल्या, हे त्या अभ्यासाचं मोल.

त्यातली सगळ्यात मोठी चाचणी कॉसमॉस. अमेरिकेतले २१,४४२ लोक, पुरुष साठीपुढचे, बायका पासष्टीपुढच्या. अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स असलेला कोकोचा अर्क, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण कोको नसलेली कॅप्सूल. साधारण साडेतीन वर्षं पाठपुरावा. निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून एकूण घटना १० टक्के कमी, पण योगायोगाची शक्यता नाकारता येईल इतका हा फरक ठाम नव्हता. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण ते चाचणीचं मुख्य मोजमाप नव्हतं, म्हणून त्यावर उड्या मारायच्या नाहीत. चॉकलेट बनवणाऱ्या मार्सचा पैसा त्यात होता हेही नोंदवून ठेवा. आणि ती कॅप्सूल होती. साखर, चरबी, कॅलरी काही नाही.

लेबलवाचक
मी फक्त पाकिटाबद्दल लिहितो, आपल्याकडच्या.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला शब्द साखर असेल तर पुढे "डार्क" कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो, ती वडी परत ठेवा. पहिला शब्द कोको मास, कोको लिकर किंवा कोको सॉलिड्स हवा. मग चरबी बघा. पाम तेल, पाम कर्नल, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं तर ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं. केकवाल्यांकडे किलोच्या लाद्यांमध्ये मिळतं ते बहुतेक हेच. टेंपर करावं, म्हणजे ठराविक तापमानाला वितळवून नीट थंड करावं लागत नाही म्हणून वापरायला सोपं, पण या धाग्याच्या विषयाशी त्याचा संबंध नाही.

कोको पावडरीच्या डब्यावर "ॲसिडिटी रेग्युलेटर" आणि पुढे ५००, ५०१ किंवा ५२४ हे आकडे असले की क्षार लावलेला आहे. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या कितीतरी डब्यांवर हे असतंच. "नॅचरल" किंवा "नॉन-अल्कलाइज्ड" असं लिहिलेली पावडर शोधावी लागते, पण मिळते.

ड्रिंकिंग चॉकलेट आणि मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी यात धरूच नका. त्यात साखर किंवा माल्टच मुख्य असतं.

ओटा_आणि_मिक्सर
डब्यावर काही नीट लिहिलेलं नसेल तर घरी अंदाज घेता येतो. अर्धा चमचा कोको दोन चमचे गरम पाण्यात कालवा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. क्षार न लावलेला कोको मुळात आंबट, त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास. म्हणून बारीक बुडबुडे येतात आणि तांबूस रंग डोळ्यांदेखत काळपट होतो. डच कोको ढिम्म राहतो.

यातूनच स्वयंपाकातली एक गोष्ट कळते. चॉकलेट केकमध्ये सोडा घातला की केक छान काळा होतो, पण तो सोडाच फ्लॅव्हनॉल्स मारतो. बेकिंग पावडर वापरली तर बरीच टिकतात. केक काही औषध म्हणून कोणी खात नाही, तरी माहीत असावं.

पिण्यासाठी: एका माणसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा नॅचरल कोको. थेट कपभर दुधात टाकला तर गुठळ्या होऊन वर तरंगतो, कारण त्यात १०-१२ टक्के चरबी असते. आधी कपात दोन चमचे गरम पाणी घालून चमच्याच्या पाठीने घोटा, चकचकीत लेप झाला पाहिजे. मग उरलेलं गरम पाणी किंवा दूध थोडं थोडं घाला. उकळत ठेवायची गरज नाही. दालचिनी आणि मिठाचा एक कण घातला की कमी साखरेत भागतं.

रानमेवा
केळं, दूध, कोको असं मिक्सरमधून काढलं तर? बिनसाखरेचं गोड लागतं.

ओटा_आणि_मिक्सर
नेमकं केळंच नको! केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, चिरलेलं केळं काळं पडतं ते त्यामुळे. २०२३ च्या एका प्रयोगात केळ्याच्या स्मूदीतून फ्लॅव्हनॉल्स दिली, तर रक्तात पोचलेलं प्रमाण कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्के कमी भरलं. बेरीवर्गातल्या फळांत हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्याबरोबर तसं झालं नाही. गोडीसाठी स्ट्रॉबेरी घाला, नाहीतर अर्धा खजूर कोमट दुधात कुस्करा.

तिरफळ
आणि दूध? दुधाने सगळा फायदा जातो असं वाचलंय.

स्टेथो
२००३ मध्ये 'नेचर' मासिकात एक छोटा अभ्यास आला होता. दुधाबरोबर डार्क चॉकलेट दिल्यावर एपिकॅटेचिन रक्तात कमी मिळालं, असं त्यात होतं. तेव्हापासून हे चाललंय. नंतरच्या अभ्यासांत दुधाचा परिणाम फारसा दिसला नाही. मिल्क चॉकलेट कमी पडतं ते त्यात कोकोच कमी आणि साखर निम्म्याच्या घरात असते म्हणून. कोको दुधातून प्यायचा तर खुशाल प्या.

भट्टीवाला
इथे मी थोडा वेगळा. दुधाने रक्तात काय फरक पडतो ते स्टेथो जाणोत, पण चवीत पडतो. दुधातल्या प्रथिनांनी तुरटपणा झाकला जातो आणि माणूस मग नकळत डच कोकोही चालवून घेतो. पाण्यातला कोको प्यायलं की तुरटपणा जिभेला कळतो, आणि तो तुरटपणा बऱ्याच अंशी फ्लॅव्हनॉल्सचाच असतो.

गोडबंद
मधुमेहाचं राहिलं की.

स्टेथो
लिहितो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डच्या दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांवरून एक लेख आला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह २१ टक्के कमी आढळला. मिल्क चॉकलेटमध्ये तसं नाही, उलट वजनवाढीशी संबंध दिसला. पण ही पाहणी आहे, चाचणी नव्हे. डार्क निवडणारी माणसं इतर खाण्यातही जागरूक असू शकतात, तो हिशेब आकडेमोडीतून पूर्ण वजा होत नाही. शिवाय हे मधुमेह होण्याबद्दल आहे, झालेल्यांच्या उपचाराबद्दल नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखर मोजावी. ७० टक्केवाल्या २० ग्रॅममध्ये ६ ग्रॅमपर्यंत साखर आणि १२० कॅलरी. ८५ टक्केवाल्यात ३ ग्रॅमपर्यंत. हे दिवसाच्या खाण्याच्या हिशेबात धरायचं, त्यावर जादा घ्यायचं नाही.

लेबलवाचक
"शुगर फ्री" चॉकलेटवर एक ओळ. त्यात साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल हे गोड द्रव्य असतं, यादीत ९६५ असा आकडा दिसेल. ते शून्य नाही. ग्रॅममागे दोनच्या आसपास कॅलरी देतं आणि रक्तातली साखर थोडी का होईना वाढवतं. एका वेळी ३०-४० ग्रॅम माल्टिटॉल पोटात गेलं की बऱ्याच जणांना गॅस आणि जुलाब. पाकिटावर तशी सूचनाही छापलेली असते, बारीक अक्षरांत.

वजनकाटा
डार्क चॉकलेटने वजन उतरतं म्हणतात ते?

तिरफळ
तो तर उघड झालेला बनाव आहे. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम तकलादू अभ्यास करून छापून आणला. जेमतेम १५ माणसं आणि १८ गोष्टी मोजलेल्या. इतक्या गोष्टी मोजल्या की एखादी योगायोगाने जुळतेच, ती वजनाची जुळली. वृत्तपत्रांनी न तपासता मथळे दिले, मग त्याने स्वतःच सगळं जाहीर केलं. पण बातमी अजून फिरतेच आहे. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये ६०० कॅलरी असतात, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रानमेवा
लोह भरपूर असतं ना पण? ॲनिमिया असलेल्या मुलींना द्यावं का?

स्टेथो
१०० ग्रॅममध्ये जवळपास १२ मिलिग्रॅम, कागदावर उत्तम. पण कोकोतली पॉलिफेनॉल्सच वनस्पतिज लोह बांधून ठेवतात. एका प्रयोगात पावाच्या जेवणाबरोबर कोको दिल्यावर लोहाचं शोषण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. चहाचं जे सांगतो तेच इथे. लोहाच्या गोळीबरोबर आणि जेवणाबरोबर कोको-चॉकलेट नको, एक-दोन तासांचं अंतर ठेवा. ॲनिमियावर उपाय म्हणून तर मुळीच देऊ नका.

ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी कोको मर्यादेतच ठेवावा. आम्लपित्त वर येणाऱ्यांना चॉकलेटने त्रास वाढू शकतो, अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते. नैराश्यासाठी एमएओ इनहिबिटर गटातलं जुनं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मांजरपाट
घरात कुत्रा असेल तर चॉकलेट वरच्या फळीवर. कोकोतलं थिओब्रोमिन हे द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थता सुरू होते. डार्कमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ८०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला २५ ग्रॅम पुरे. कुत्र्याने खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, पाकीट बरोबर घेऊन.

डेलावेअरकर
इकडे अमेरिकेत शिसं आणि कॅडमियमची चर्चा जोरात आहे, ती कोणी काढली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने २८ डार्क चॉकलेटं तपासली. त्यातल्या २३ मध्ये असं निघालं की रोज एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) खाल्लं तरी दोनपैकी निदान एक धातू कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त होतो.

भट्टीवाला
चांगली आठवण केलीत. दोन्ही धातूंची वाट वेगळी आहे. कॅडमियम मातीतून मुळांवाटे बीत येतं. लॅटिन अमेरिकेतल्या काही भागांत, विशेषतः इक्वाडोर आणि पेरूत, ते जास्त असतं, पश्चिम आफ्रिकेतल्या मालात कमी. शिसं मात्र बहुतेक नंतर चिकटतं, रस्त्याकडेला बिया वाळत घातल्या की धुळीतून टरफलावर बसतं. म्हणून टरफल नीट पाखडून काढणं महत्त्वाचं. आणि धातू कोकोच्या कोरड्या भागात असल्यामुळे टक्के वाढले की तेही वाढतात. ९९ टक्केवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्टेथो
घाबरून जायचं कारण नाही. कॅलिफोर्नियाची मर्यादा, शिशासाठी दिवसाला ०.५ आणि कॅडमियमसाठी ४.१ मायक्रोग्रॅम, ही ज्या पातळीला अपाय दिसला नाही तिच्या हजाराव्या भागावर ठेवलेली आहे. युरोपात ५० टक्के किंवा जास्त कोको असलेल्या चॉकलेटला किलोमागे ०.८ मिलिग्रॅम कॅडमियमची परवानगी आहे. काठावरच्या अशा चॉकलेटचे २० ग्रॅम म्हणजे १६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला युरोपीय हिशेबाने दिवसाला सुमारे २१ चालतात, आणि भात, गहू, पालेभाज्यांतूनही थोडं येतच असतं. म्हणून २० ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि एकाच ब्रँडला चिकटून राहू नका. गरोदर बायका आणि लहान मुलांना रोजचा रतीब नको.

हापूसप्रेमी
अवांतर: मे महिन्यात मुंबईत आणलेल्या वडीवर पांढरा थर आला. बुरशी आहे का? टाकून द्यायची?

भट्टीवाला
बुरशी नाही. बोट घासा. उबेने विरघळून थर गेला तर कोको बटर वर आलेलं आहे, वडी गरम होऊन पुन्हा घट्ट झाली की असं होतं. थर खरखरीत लागला आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर चिकट झाला तर ती साखर, म्हणजे फ्रीजमधून काढल्यावर दव धरलं. दोन्ही खायला चालतात, फक्त तोडताना कट्कन आवाज येणार नाही. आपल्या उन्हाळ्यात फ्रीजला पर्याय नाही, पण वडी हवाबंद डब्यात ठेवा, आणि डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास न उघडता तसाच राहू द्या. लसणीच्या चटणीपासून लांब. कोको बटर वास पटकन ओढून घेतं.

नारळीपोफळी
अवांतरात अवांतर: कोकोचं झाड नारळ-सुपारीच्या सावलीत छान येतं. कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या सुपारीवाल्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे. आपल्या कोकणातल्या बागायतदारांनी आंतरपीक म्हणून जरूर बघावं, पण आंबवणी नीट जमली नाही तर भाव मिळत नाही. आणि खारी फळं फस्त करतात.

कडूगोड
वा, भरपूर मिळालं. मूळ मुद्द्यावर येतो. गोळ्या चालू आहेत, रक्तदाब १३८/८६ च्या आसपास असतो, अशा माणसाने नेमकं काय करायचं? आणि उपयोग होतोय हे घरच्या यंत्रावर कसं ओळखायचं?

स्टेथो
गोळ्या तशाच चालू, त्यात काही बदल नाही. कोको घ्यायचाच तर ५ ग्रॅम नॅचरल पावडर, बिनसाखरेची, सकाळी किंवा दुपारी. सरासरी धरली तर १७० मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हनॉल्स मिळतील आणि कॅलरी वीसच्या आतच. वडी आवडत असेल तर १० ते २० ग्रॅम, संध्याकाळच्या बिस्किट-फरसाणाच्या जागी. जागी म्हणजे जागी, शिवाय नव्हे. फरसाण गेलं तर मीठही गेलं, आणि खरा फरक कदाचित त्यानेच पडेल. रात्री झोपताना नको, कोकोत थोडं कॅफिन असतंच.

यंत्राचं म्हणाल तर दीड-दोन मिमीचा फरक त्यावर ओळखू येणार नाही. मान्यताप्राप्त यंत्रालाही सरासरी ५ मिमीपर्यंतची चूक माफ असते आणि आपला रक्तदाब दिवसभरात १०-१५ मिमी सहज वरखाली होतो. तरीही नोंद ठेवा, गोळ्यांचा डोस ठरवायला डॉक्टरांना ती लागते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, कोको काही नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्यावर आली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. कोको वाढवत बसू नका.

कडूगोड
समजलं. पट्टा दंडाच्या मापाचा आहे का तेही बघतो.

स्टेथो
जरूर. दंडाचा घेर टेपने मोजा, पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा २२ ते ३२. दंड त्याहून जाड असला तर मोठा पट्टा वेगळा मागवा. लहान पट्ट्याने आकडा ५-१० मिमी उगाच वर दाखवला जातो.